वॅक्सिन डेपोवरचा रनिंग ग्रुप, तीन महिन्यांचा अनुभव

बेळगावात टिळकवाडीत वॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी साडेपाचला जमणाऱ्या एका ग्रुपची तीन महिन्यांची फी भरलेली, तेव्हा ५ किमीतच माझा दम जायचा आणि समोर १६ किमीचा आकडा बघून पैसे पाण्यात गेले असंच वाटलेलं. पण सरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच हळू पळायचं, दम लागला तर एक मिनिट चालायचं, त्यात लाज कसली की! मी तर येळ्ळूर रोडला चढावर सरळ चालतच गेलो, मागून एक साठीचे काका "चला की ओ" म्हणत पुढे निघून गेले, ते वेगळं.

दर आठवड्याला थोडंच अंतर वाढवतात आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करतात, कारण दमसास लवकर वाढतो पण गुडघ्या-घोट्याचे स्नायुबंध बळकट व्हायला जास्त वेळ लागतो. हे न ऐकता मी एकदा ८ वरून थेट १४ केले, मग चार दिवस जिना उतरताना आई आठवली.

तक्रार एकच, लांबच्या रनला पाण्याची सोय कच्ची आहे, दीड तासाच्या वर पळायचं असेल तर बाटली आणि केळं स्वतःचं न्या. रन झाल्यावर कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) खायला सगळे हजर असतात मात्र!

गेल्या रविवारी १६ झाले. आता हाफ मॅरेथॉनच्या २१.१ किमीची भीती वाटते, पण पहिल्या ५ ला वाटायची तेवढीच. पाचपैकी चार स्टार.