व्हिएतनामला व्हॉलंटियरिंग : काम छान, एजन्सी ठीकठाक
नौपाड्यातल्या एका एजन्सीकडून हनोईजवळच्या गावात मायक्रोफायनान्सच्या (गरिबांना छोटी कर्जं देण्याच्या) कामाला तीन आठवडे जाऊन आले. काम मनापासून आवडलं, आपल्या बचत गटासारखंच आहे, तिथे महिला संघ ही महिलांची देशव्यापी संघटना असे गट चालवते आणि २००२ साली स्थापन झालेली सरकारी सोशल पॉलिसी बँक अशा गटांमार्फतच गरीब घरांना कर्ज देते. एका ताईने कर्जातून डुकराची पिल्लं घेतलेली, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात, हप्त्याच्या दिवशी नोटा दोनदा मोजून दिल्या तिने. पण आपल्या फीमधला किती पैसा गावात जातो ते एजन्सीने शेवटपर्यंत सांगितलं नाही, फार खटकलं. दुभाषी आठवड्यातून दोनच दिवस, बाकी वेळ मी नुसत्या एक्सेलमधे नोंदी केल्या. जाणार असाल तर फीचा हिशोब आधी लेखी मागा.