उमेदवार पारखायचा कसा: गप्पांतून, ठरलेल्या प्रश्नांतून की प्रत्यक्ष कामातून?

दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मनुष्यबळ विभाग नसतो. मालक स्वतःच मुलाखत घेतो, तीही बहुधा डिस्पॅचची घाई आणि वाजणारा फोन सांभाळत. अशा मालकापुढे तीन मार्ग असतात: मोकळ्या गप्पांतून माणूस जोखणे, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे, किंवा अर्धा-पाऊण तास काम करून दाखवायला सांगणे, ज्याला आपल्याकडे सरळ ‘ट्रायल’ म्हणतात.

गप्पांची मुलाखत सर्वांत सोपी, कारण तिला तयारी लागत नाही. गाव कोणते, आधी कुठे होता, तिथले काम का सोडले, इतके विचारून झाले की मालकाचे मत बनलेले असते, आणि उरलेला वेळ ते मत पक्के करण्यात जातो. बोलका उमेदवार यात सहज पुढे जातो. आपल्याच तालुक्यातला निघाला तर विचारायलाच नको. मितभाषी पण हाताने पक्का कारागीर मात्र मागे पडतो, आणि लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) तर बोलण्याचा काहीच उपयोग नसतो.

या पद्धतींची तुलना संशोधकांनी आकड्यांत केलेली आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात निवडीच्या वेळचे गुण आणि पुढे दिसलेले काम यांचा मेळ मोकळ्या मुलाखतीसाठी ०.३८, ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीसाठी ०.५१ आणि कामाच्या नमुन्यासाठी ०.५४ आला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत). मात्र २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या आकड्यांत केलेली सांख्यिकीय दुरुस्ती प्रमाणाबाहेर होती. नव्या हिशेबात ठरलेले प्रश्न ०.४२ वर राहिले, कामाचा नमुना ०.३३ वर उतरला आणि मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली. जाहिरातीत आपण हमखास मागतो ती अनुभवाची वर्षे तर ०.०७ वरच थांबली.

म्हणजे ट्रायल सोडून केवळ प्रश्नांवर विसंबावे काय? माझ्या मते कौशल्याच्या जागेसाठी तसे करू नये. हे आकडे नाना तऱ्हेच्या नोकऱ्यांची सरासरी सांगतात आणि ठरलेले प्रश्न नीट विचारायला सराव लागतो, जो वर्षातून दोन माणसे घेणाऱ्या मालकाकडे नसतो. याउलट ट्रायलमध्ये मालक त्याला स्वतःला उत्तम कळते तीच गोष्ट पाहत असतो. लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या हाती २५ एच७ (२५ मिलिमीटर व्यास आणि त्यात चालणारा फरक) असे माप लिहिलेले ड्रॉइंग आणि तयार शाफ्ट द्यावा, समोर मोजायला व्हर्नियर ठेवावा आणि हा जॉब, म्हणजे तयार तुकडा, पास की रिजेक्ट, एवढेच विचारावे. या मापात चालणारा एकूण फरक २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि नेहमीच्या व्हर्नियरचे लघुतम माप २० मायक्रॉनचे. त्यामुळे ज्याला काम येते तो व्हर्नियर बाजूला सारून त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर मागतो. अकाउंटंटसाठी जुनी, नावे झाकलेली दहा-बारा बिले टॅलीत नोंदवायला द्यावीत आणि त्यांत एक सदोष बिल मिसळावे: पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा, माल तिकडून थेट महाराष्ट्रात आलेला, आणि तरी बिलावर परराज्यातून आलेल्या मालाच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्याच मालाचे सीजीएसटी व एसजीएसटी लावलेले. उमेदवार हे बिल बाजूला काढतो की मुकाट्याने नोंदवून मोकळा होतो, यावरून जे कळते ते प्रमाणपत्रावरून कळत नाही.

ट्रायलच्या मर्यादाही आहेत. अपरिचित मशीनवर चांगला माणूसही चाचपडतो, म्हणून आधी दहा मिनिटे हात बसू द्यावा. दिवसभर थांबवून ग्राहकाचे जॉब काढून घेणे आणि त्याला ट्रायल म्हणणे ही लबाडी आहे. अर्धा दिवस घेतला तर अर्ध्या दिवसाचे पैसे द्यावेत. शिवाय माणूस वेळेवर येईल का, चूक लपवील का, हे ट्रायलमध्ये दिसत नाही. तिथे ठरलेले प्रश्न उपयोगी पडतात, आणि ते घडून गेलेल्या गोष्टींबद्दल असावेत: ‘तुमच्या हातून शेवटचा रिजेक्ट झालेला जॉब कोणता, तो कोणी पकडला आणि पुढे तुम्ही काय केले?’ असे पाच-सहा प्रश्न पुरतात, मात्र प्रत्येक उत्तराला पुढचा उमेदवार आत येण्यापूर्वीच गुण लिहावेत. संध्याकाळी आठवून दिलेल्या गुणांत पुन्हा आवडनिवडच उतरते.

लिहिलेल्या प्रश्नांचा आणखी एक फायदा म्हणजे नको ते प्रश्न टळतात. लग्न कधी करणार, मूल लहान आहे का, असे महिला उमेदवारांना गप्पांच्या ओघात सर्रास विचारले जाते आणि निर्णयही त्यावर होतो. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांना लागू होणारा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा भरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई करतो.

तेव्हा टर्नर, फिटर, अकाउंटंट अशा जागांसाठी आधी ट्रायल आणि त्यात टिकलेल्यांनाच ठरलेले प्रश्न, हा क्रम घ्यावा. विक्रेत्याच्या जागेसाठी बोलणे हेच काम असल्याने चिडलेल्या ग्राहकाशी करायचा संवाद हीच त्याची ट्रायल समजावी. हेल्परसाठी इतका खटाटोप नको; दोन-तीन ठरलेले प्रश्न आणि परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) स्पष्ट कालावधी पुरे. आधीच्या मालकाला फोन करायचा तर उमेदवाराची परवानगी घ्यावी, कारण पुष्कळदा तो अजून तिथेच कामाला असतो.

मोकळ्या गप्पा शेवटी, निवड झाल्यावर माराव्यात. त्या वेळी पारखण्याची पाळी उमेदवाराची असते, म्हणून पगार किती आणि कोणत्या तारखेला, शिफ्ट कोणती, ओव्हरटाइमचा दर काय, हे मालकाने त्याने विचारण्याआधीच सांगावे.