एस्क्वायर की जीक्यू: जुने अंक जमवायचे तर कोणते?

पुरुषांच्या मासिकांचे जुने अंक जमवायला निघालेला एक मित्र अडलाय. जागा एकाच मासिकापुरती आहे: अमेरिकेतलं एस्क्वायर की जीक्यू?

मूळ दोन्हींचं एकच. १९३१ साली कपड्यांच्या दुकानदारांसाठी ‘ॲपरल आर्ट्स’ निघालं, त्यात कापडाचे खरे नमुने चिकटवलेले असत. त्याच प्रकाशकांनी १९३३ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी एस्क्वायर काढलं. ॲपरल आर्ट्सचं पुढे १९५७ मध्ये ‘जंटलमन्स क्वार्टर्ली’ झालं, तेच जीक्यू.

वाचनाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: साठच्या दशकातल्या एस्क्वायरला तोड नाही. एप्रिल १९६६ च्या अंकात पत्रकार गे टलीजचा गायक फ्रँक सिनात्रावरचा लेख आहे. सिनात्राने मुलाखत दिली नाही, म्हणून टलीजने त्याच्या अवतीभवतीच्या माणसांना गाठलं आणि त्यातून माणूस उभा केला. एप्रिल १९६८ चं मुखपृष्ठ तर हातातून सोडवत नाही. पांढऱ्या चड्डीत, अंगात बाण रुतलेला मुहम्मद अली, मान मागे टाकलेली. व्हिएतनामला लढायला जायचं नाकारल्याने त्याचं जगज्जेतेपद तेव्हा काढून घेतलेलं होतं.

कपड्यांत मात्र जीक्यू पुढे. कॉलरची रुंदी, कोटाचा खांदा दशकागणिक कसा बदलला, ते त्यात सलग दिसतं. लेखनाला वजन आलं ते १९८३ नंतर, आर्ट कूपर संपादक झाल्यावर.

तेव्हा लेखनासाठी जमवणाऱ्याने साठच्या दशकातलं एस्क्वायर घ्यावं. शिवणकाम किंवा वेशभूषेच्या अभ्यासाला जीक्यू. दोन्ही थोडं थोडं हवं असेल, तर कूपरच्या काळातलं जीक्यू.