गावाकडची मृत्यूनोंद कुठे शोधावी : ग्रामपंचायत, तहसील, फेरफार की तीर्थोपाध्यायांची वही?

गावी वारलेल्या आजोबा-पणजोबांच्या मृत्यूची नोंद शोधायला माणूस निघतो, तेव्हा त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवा असतो, किंवा घराण्याची वंशावळ पूर्ण करायची असते. या तिन्ही कामांना लागणारे कागद वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. एका दारात नोंद सापडली नाही म्हणून शोधच सोडून देणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींची नोंद दुसऱ्या दारात व्यवस्थित जपलेली होती. म्हणून कुठल्या कामाला कुठले दप्तर योग्य, हे आधी ठरवावे.

कुठेही अर्ज करण्यापूर्वी माणूस कोणत्या साली वारला आणि नेमका कुठे वारला, हे घरात विचारून घ्यावे. दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते. माणूस मूळचा कुठला किंवा अग्नी कुठे दिला, याला नोंदणीत महत्त्व नाही. माझ्या आत्याचे अंत्यसंस्कार गावच्या नदीकाठी झाले, दहावे-तेरावेही तिथेच झाले, म्हणून आम्ही ग्रामपंचायतीत दोन खेपा घातल्या. ती वारली होती तालुक्याच्या रुग्णालयात, आणि तिची नोंद तिथल्या नगरपरिषदेच्या नोंदवहीत होती. ग्रामपंचायतीची त्यात काहीच चूक नव्हती. आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो.

मृत्यू १९७० नंतरचा आणि गावातच झालेला असेल, तर ग्रामपंचायतीला पर्याय नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि त्याखालचा दाखलाच बँक, विमा, न्यायालय सगळीकडे चालतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज करताना एकाच वर्षावर अडून न बसता आगेमागे दोन-दोन वर्षे तपासण्याची विनंती लेखी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. गाव गट ग्रामपंचायतीत असेल किंवा ग्रामपंचायत नंतर विभागली गेली असेल, तर जुनी नोंदवही शेजारच्या गावात असू शकते. दाखल्यावर मृत्यूचे कारण मिळत नाही, कारण ते उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे. आजाराचा कौटुंबिक इतिहास शोधणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. नोंद नसेल तर नमुना १० मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र मागावे. अनेकांना हा कागद निरुपयोगी वाटतो, पण एक वर्षाहून जुन्या मृत्यूची उशिरा नोंद करून घ्यायची तर प्रकरण इथूनच उभे राहते. पूर्वी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे.

१९७० पूर्वीच्या मृत्यूंसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे जावे लागते. तिथे असते ते ‘कोतवाल बुक’, म्हणजे जन्ममृत्यूचा जुना गाव नमुना १४. अर्जात नुसते ‘नमुना १४’ लिहू नये, कारण आजच्या महसुली पद्धतीत गाव नमुना १४ म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही. ‘जन्ममृत्यू नोंदीचा जुना नमुना १४, कोतवाल बुक’ असे स्पष्ट लिहावे. रुमालात बांधलेला गठ्ठा सोडला की कडा झिजलेली पाने दिसतात, आणि एका ओळीत मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण सापडते. आजचा दाखला जे सांगत नाही ते ही जुनी वही सांगते : ताप, पटकी, देवी, बाळंतपण. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतले कितीतरी मृत्यू तेव्हा नुसते ‘ताप’ म्हणून नोंदले गेले. आपल्याच आडनावाच्या तीन ओळी एकाखाली एक आल्या तर वाचणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो.

जातपडताळणीसाठी या नोंदीचे वजन सर्वांत मोठे आहे. इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहिला जातो, आणि स्वातंत्र्यपूर्व नोंद अधिक विश्वासार्ह मानली जाते. अडचण लिपीची आहे. बरीच पाने मोडीत आहेत. मराठवाड्यात, जिथे १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, उर्दू कागदही भेटतात. अक्षर आपल्याला लागत नसेल तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामातून अशा नोंदींची अनेक पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. ती जरूर पाहावीत, पण तो शोध कुणबी नोंदींपुरता होता. तिथे आपले नाव नसले म्हणजे नोंदच नाही, असे समजू नये.

माझे स्पष्ट मत असे आहे की घरात जमीन असेल तर शोधाची सुरुवात फेरफारापासून, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदीपासून करावी, जरी शेवटी कागद दुसराच लागणार असला तरी. कोतवाल बुक गाववार आणि सालवार असते. साल माहीत नसेल तर माणूस गठ्ठ्यांमागून गठ्ठे उलटत बसतो. फेरफार हे साल हातात देतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मयत खातेदाराच्या नावाला कंस केलेला असतो आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो; त्या क्रमांकावरून गाव नमुना ६ मधली नोंद काढली की खातेदार कधी मयत झाला आणि वारस कोण, हे वाचायला मिळते. बऱ्याच जिल्ह्यांतील असे जुने कागद आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, त्यामुळे पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांची पहिली फेरी तरी वाचते. मात्र वारसनोंद अनेकदा मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांनी झालेली असते, तेव्हा नोंदीची तारीख आणि मृत्यूची तारीख यांत गल्लत करू नये. आणखी एक उणीव अशी की एकत्र कुटुंबात थोरल्याचेच नाव ‘ए.कु.क.’ (एकत्र कुटुंब कर्ता) म्हणून लागलेले असे, त्यामुळे धाकटे भाऊ आणि बहुतेक बायका या दप्तरात दिसतच नाहीत.

या बायका कधीकधी तीर्थोपाध्यायांच्या वहीत भेटतात. नाशिकच्या रामकुंडावर अस्थिविसर्जनाला किंवा त्र्यंबकेश्वरी विधीला गेलेल्या कुटुंबांची नावे तिथल्या उपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जातात, आणि मूळ गाव व आडनाव सांगितले की आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळते. कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी जपणारे हेळवी स्वतः दारी येऊन वंशावळ वाचून दाखवतात. ही नोंद मृत्यूचा दाखला म्हणून चालणार नाही, आणि नेमकी तारीख तिच्यात असेलच असे नाही. वंशावळीसाठी मात्र तिच्याइतका दूरवर नेणारा दुसरा कागद मी पाहिलेला नाही.

वर्तमानपत्रातील निधनवार्ता मी या सगळ्यांनंतर ठेवतो. ‘अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या ठरावीक वाक्यातून नात्यांची माहिती चांगली मिळते, पण ‘नुकतेच’ या शब्दामागे तारीख लपून राहते, आणि खेड्यातल्या किती जणांची बातमी छापून येत असे हाही प्रश्न आहेच.

फेरफारही नसेल आणि साल अंदाजानेच ठाऊक असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना श्राद्धाची तिथी विचारावी. साल विसरलेल्या घरातही ‘वैशाख वद्य पंचमी’ एवढे पक्के लक्षात असते. संभाव्य तीन-चार वर्षांच्या पंचांगांतून त्या तिथीच्या इंग्रजी तारखा काढल्या की अभिलेख कक्षात मोजकीच पाने पाहावी लागतात. पान सापडले की नुसत्या ओळीची नक्कल घेऊन निघू नये. गावाचे नाव आणि साल ज्या मुखपृष्ठावर आहे त्याचीही प्रमाणित नक्कल त्याच अर्जात मागावी, कारण आतल्या पानावर ही दोन्ही माहिती नसेल तर पडताळणी समितीपुढे ती ओळ कोणत्या गावची, हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे लागते.