बोटीवर मॅकबुक की आयपॅड? ओल्या बोटांचा मुद्दा

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर शीड सांभाळायला शिकलेला माणूस एक ना एक दिवस कसारा घाट उतरून मांडवा-अलिबागच्या पाण्यात जातोच. धरणावर चार्ट, म्हणजे खोली आणि खडक दाखवणारा पाण्याचा नकाशा, लागत नाही, चारी बाजूंना काठ दिसत असतो. खांदेरी-उंदेरीच्या आसपास मात्र ओहोटीला उघडे पडणारे खडक भरतीला गुपचूप पाण्याखाली असतात. मग विचार सुरू होतो: घरात मॅकबुक आहेच आणि चार्टवर बोटीची जागा दाखवणारं ओपनसीपीएन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तर त्यावरच भागवावं, की सरळ एक आयपॅड घेऊन त्यात चार्टचं अ‍ॅप टाकावं?

माझा कल मॅकबुककडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमची बोट आणि बसायची जागा वेगळी असेल तर उत्तर उलटंही येऊ शकतं. तसं जिथे वाटतं तिथे नोंदवलं आहे.

मॅकवर विंडोज टाकून विंडोजचं सॉफ्टवेअर चालवायचं, हा तिसरा मार्ग बरेच जण सुचवतात. जुन्या इंटेल मॅकवर त्यासाठी बूटकॅम्प होतं, एम-वन आणि त्यापुढच्या मॅकवर ते नाही. मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्स या प्रोग्रॅममध्ये विंडोज ११ ची आर्म आवृत्ती (नव्या मॅकच्या जातीच्या प्रोसेसरसाठीची) चालते आणि साधे प्रोग्रॅमही चालतात. पण चार्टचा परवाना ज्या यूएसबी डोंगलमध्ये असतो, त्याचा ड्रायव्हर आर्मसाठी लिहिलेला नसेल तर गाडी तिथेच अडते, कारण इम्युलेशनचा (दुसऱ्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं चालवून घेण्याच्या सोयीचा) फायदा प्रोग्रॅमला मिळतो, ड्रायव्हरला नाही. शिवाय जीपीएसचा पोर्ट मॅककडे आहे की आतल्या विंडोजकडे, हा घोळ वेगळाच. हा मार्ग सोडलेला बरा.

आता जीपीएस. मॅकबुकमध्ये तो नाहीच. आयपॅडमध्येही फक्त सेल्युलर मॉडेलमध्ये असतो, वाय-फायवाल्यात नसतो. एम. जी. रोडवर भाव काढताना सेल्युलरचाच काढा, नाहीतर तुलना पहिल्या पायरीवरच चुकते. सिम घातलं नाही तरी त्यातला जीपीएस चालतो. वाय-फाय मॉडेल घेऊन वर स्वस्तातला ब्लूटूथ जीपीएस लावू म्हणाल तर तेही जमत नाही, आयपॅड अ‍ॅपलने मान्यता दिलेलाच ब्लूटूथ रिसीव्हर घेतो.

मॅकला यूएसबी रिसीव्हर लावायचा. यू-ब्लॉक्स चिपचा घेतला तर ड्रायव्हर लागत नाही, तो ‘यूएसबीमोडेम’ नावाने दिसतो. सिरियल केबलने बोटीवरचा जुना जीपीएस किंवा एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) जोडणार असाल तर एफटीडीआय चिपची केबल मागा, तिचा ड्रायव्हर मॅकमध्येच असतो. ओपनसीपीएनच्या ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स उघडून सिरियल निवडा. यादीत एकच यंत्र दोनदा दिसेल, ‘टीटीवाय’ने सुरू होणारं आणि ‘सीयू’ने सुरू होणारं. ‘सीयू’वालं घ्या. वेग जुन्या एनएमईए ०१८३ साठी (बोटीवरची यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा) ४८००, एआयएससाठी ३८४००. मग एनएमईएची खिडकी उघडून धावत्या ओळी पाहा. ‘आरएमसी’ अशी खूण असलेल्या स्थानाच्या ओळीत वेळेनंतर ‘ए’ आलं तर स्थान पक्कं, ‘व्ही’ आलं तर रिसीव्हर अजून उपग्रह शोधतोय आणि तुमच्या जोडणीत काही चूक नाही. नवख्या माणसाचा अर्धा दिवस इथे जातो: ‘व्ही’ असताना तो सेटिंग उचकत बसतो, जेव्हा रिसीव्हर फक्त केबिनबाहेर धरायचा असतो.

दोन गोष्टी नक्की अडवतात. एक, यू-ब्लॉक्सच्या पोर्टचं नाव तो कुठल्या भोकात खोचलाय त्यावरून ठरतं. काल डावीकडे लावला आणि आज हबमधून, की नाव बदलतं. ओपनसीपीएन जुन्या नावाची वाट पाहत बसतं आणि बोटीचं चिन्ह राखाडी राहतं. भोक ठरवून त्यावर चिकटपट्टी लावा. दुसरं, नव्या मॅकबुकवर यूएसबी वस्तू लावली की ‘परवानगी द्यायची का’ असं विचारलं जातं. पडदा लॉक असताना लावली तर हा प्रश्न दिसतच नाही आणि रिसीव्हर मेल्यासारखा वाटतो. आधी कुलूप उघडा, मग खोचा.

या सगळ्यात आयपॅड सरळ जिंकतो. डबा उघडा, अ‍ॅप टाका, स्थान दिसतं. जोडाजोडीचा कंटाळा असेल तर पुढचं फार वाचायची गरज नाही.

चार्टच्या बाबतीत पारडं हळूहळू फिरू लागतं. भारताच्या किनाऱ्याचे अधिकृत चार्ट डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं आणि इलेक्ट्रॉनिक चार्ट कूटबद्ध स्वरूपात विक्रेत्यांमार्फत मिळतात. परवाना यंत्राला बांधलेला असतो. म्हणून पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: मॅकवर चालतो का, आणि लॅपटॉप बदलला तर परवाना हलवता येतो का. आयपॅडच्या अ‍ॅपमध्ये चार्ट वर्गणीतच येतात, ही सोय मोठी आहे. पण जे येतं तेच पाहायचं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे पावसाळ्यानंतर जागा बदलतात, तेव्हा चार्टवर उपग्रह चित्र ठेवून पाहण्यासारखा उपाय नाही. ओपनसीपीएन एमबीटाइल्स फाइल (नकाशाच्या चित्रांचे तुकडे एकत्र ठेवणारी) घेतं, आणि ती मॅकवर क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममधून करता येते. राजपुरी खाडीच्या तोंडाचा तुकडा आदल्या रात्री करून ठेवला की नेटशिवाय चालतो. गंगापूर धरणाचाही असाच तुकडा केला तर सरावाला पडद्यावर काठ दिसतो, एरवी तिथे चार्टमध्ये नुसती जमीनच असते.

जुन्या कागदी चार्टचं स्कॅन कोणी दिलं तर त्यावर आधी डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले तो) पाहा. एव्हरेस्ट डेटमवरचा जुना चार्ट जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ डेटमवरचा समजून वापरला तर मुंबईजवळ शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. खडकाच्या बाबतीत शंभर मीटर म्हणजे आत की बाहेर एवढा फरक. आणि पेनड्राइव्हवर हातोहात फिरणारा जगभरच्या चार्टचा जुना संच सरावापुरताच ठेवा.

खोलीचा हिशेब दोन्हीकडे तुम्हालाच करायचा आहे. मुंबईला उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४.४ मीटर आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६ मीटर, दोन्ही चार्टच्या शून्यापासून, म्हणजे चार्टवरची खोली जिथून मोजतात त्या पातळीपासून. चार्टवर दीड मीटर लिहिलेल्या जागी म्हणजे पाणी सव्वादोन ते जवळपास सहा मीटर. सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं सोबत असू द्या.

आता ज्याने माझा निर्णय केला त्याकडे येतो. ओली बोटं.

आयपॅडचा पडदा बोट ओळखतो ते विजेच्या धारितेतल्या बदलावरून. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, आणि खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज वाहू देतं. परिणाम असा: एक तुषार पडद्याच्या कोपऱ्यात पडला, अ‍ॅपने ते बोट समजलं. दुसरा थेंब पडला, आता अ‍ॅपच्या मते दोन बोटं आहेत, म्हणून चार्ट लहान-मोठा झाला. थेंब ओघळला, म्हणजे बोट सरकलं, चार्ट बाजूला गेला आणि बोटीच्या मागे चालायची सोय त्याच क्षणी बंद पडली. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं, खोली, खडक, दीप, सगळं. फक्त ती जागा तुमची नसते. रूट बदलायच्या अवस्थेत असाल तर वेपॉइंटच (मार्गावरचा ठरवलेला टप्पा) उचलला जाऊन दोनशे मीटर पलीकडे पडतो, आणि ते लगेच लक्षात येईलच असं नाही. तीच बोटं पुसायला शर्ट शोधावा तर शर्टही खारा.

वॉटरप्रूफ पाऊचने आयपॅड वाचतो, हा त्रास वाचत नाही. थेंब पाऊचवर पडला तरी पडदा तो वाचतो, आणि प्लॅस्टिक फुगलं असेल तर खऱ्या बोटाला उलट दाद मिळत नाही. गाइडेड अ‍ॅक्सेस चालू करून स्पर्श पूर्ण बंद करता येतो, तीनदा बटण दाबून. पण मग झूमही बंद, आणि खाडीच्या तोंडाशी झूमच हवा असतो.

गंमत अशी की धरणावर हे कळत नाही. तिथे पाणी गोडं, तुषार कमी, फडकं कोरडं. म्हणून ‘गंगापूरला महिनाभर वापरला, झकास चालला’ हा दाखला मी फारसा धरत नाही.

मॅकबुकला यातून सोडवतो तो कीबोर्ड. कळ ओल्या बोटानेही दबते, अंधारात चाचपून सापडते, आणि चुकून आपोआप दबत नाही. अधिक-वजाने झूम, एफ-२ ने बोटीचं चिन्ह पुन्हा चार्टच्या मध्यावर, एफ-४ ने अंतर मोजणं, एफ-५ ने रात्रीचे रंग. सिस्टिम सेटिंग्जमध्ये फंक्शन कळा थेट चालतील असं करून ठेवा, नाहीतर एफ-२ दाबल्यावर पडद्याचा उजेड वाढेल. ट्रॅकपॅड मात्र आयपॅडच्याच जातीचा, ओल्या बोटाला तोही बिघडतो. अ‍ॅक्सेसिबिलिटीत पॉइंटर कंट्रोलमध्ये ‘माउस असेल तर ट्रॅकपॅडकडे दुर्लक्ष’ अशी खूण आहे ती करा आणि तारेचा माउस लावा.

सगळ्यात चांगलं म्हणजे चार-पाचशे रुपयांचा तारेचा कीबोर्ड वर कॉकपिटमध्ये आणि मॅकबुक खाली केबिनच्या दारातून दिसेल असा. त्या कीबोर्डच्या एफ-२, अधिक आणि वजा या तीन कळांवर एम-सीलचा बारीक ठिपका द्या, न पाहता बोट बसतं. मॅकबुकच्या स्वतःच्या कळांवर हा ठिपका कधीही देऊ नका. झाकण आणि कळा यांत फट नसते, मिटल्यावर ठिपका थेट पडद्याला भिडतो. खारं पाणी कीबोर्ड खाणारच, पण चार-पाचशेचा गेला तर गेला.

मॅकबुकच्या विरुद्ध बोलायचं तर बरंच आहे. सव्वा किलोचं यंत्र, पाण्याचं नुकसान वॉरंटीत नाही, आणि तुम्ही खाली डोकावता तेव्हा समोर पाहत नसता. रायगडच्या पाण्यात डोल जाळ्यांचे खुंट आणि तरंगणारे डबे कुठल्याच चार्टवर नसतात, ते डोळ्यांनीच टिपावे लागतात. सुकाणूवर एकटेच असाल किंवा बोटीला केबिनच नसेल तर माझा कल बाजूला ठेवा आणि आयपॅड घ्या. तेव्हा त्रास ऊन देईल: दोन्ही यंत्रांना ३५ अंशांपर्यंतचीच हवा मान्य आहे, आणि एप्रिलच्या उन्हात काळ्या पाऊचमधला आयपॅड आधी मंद होतो, मग तापमानाची सूचना दाखवून बंद पडतो. त्याला सावली आणि वारा लागू द्या.

झोपेचं एक लक्षात असू द्या. मॅकबुकचं झाकण मिटलं की ओपनसीपीएन थांबतं आणि नांगराची राखण करणारा अलार्मही थांबतो. टर्मिनल उघडून कॅफिनेट ही आज्ञा दिली की नुसतं पडून राहिल्यावर मॅक झोपत नाही, पण झाकण उघडंच ठेवायचं. रात्री नांगरावर असताना हे काम मी फोनवर सोपवणं पसंत करतो. स्थान वापरायची परवानगी ‘नेहमी’ दिलेली असेल तर फोनचं अ‍ॅप मागे राहूनही जागं असतं.

वीज. मॅकबुक एअरची बॅटरी साधारण ५० वॉट-तासांची, साध्या आयपॅडची साधारण २९. इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून परत कमी करण्यापेक्षा १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी पीडी चार्जर घ्या, ४५ वॉटचा पुरतो. स्वस्त चार्जर व्हीएचएफवर (बोटीवरच्या बोलायच्या रेडिओवर) खरखर आणतो. तपासणी सोपी: रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडा, चार्जर लावा-काढा, आवाज वाढत असेल तर तो अँटेनाच्या तारेपासून दूर न्या किंवा बदला. दोन्ही यंत्रांत लोहचुंबक आहेत, आयपॅडच्या कव्हरमध्ये तर जास्तच. स्टँड अंबडला किंवा सातपूरला कुठेही अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात वाकवून मिळतो. पण भोकं पाडण्याआधी यंत्र ठरलेल्या जागी धरून होकायंत्राची सुई हलते का ते पाहा.

अजून ठरत नसेल तर पैसे टाकण्याआधी घरीच करून बघा. २०० मिलीच्या पेल्यात मिठाचा एक भरलेला चहाचा चमचा विरघळवा, समुद्राच्या जवळपास खारट होतं. पाणी सहन करणारा फोन असेल तर त्यावर कुठलाही नकाशा उघडा, बोटं बुडवून चार थेंब पडद्यावर शिंपडा आणि फोन हातात धरून पंचवटी ते गंगापूर असा नकाशा सरकवून पाहा. मग तेच साध्या पाण्याने. नंतर ओल्या स्वच्छ फडक्याने मीठ पुसून घ्या, चार्जिंगच्या भोकात जाऊ देऊ नका.