रोल-प्ले की पीएचसी? एमएसडब्ल्यूच्या मुलांना काउन्सेलिंग शिकवताना

दरवर्षी फिल्डवर्क लागायच्या आधी आमच्याकडे हाच वाद, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स करणाऱ्या मुलांना थोडक्यातलं काउन्सेलिंग शिकवायचं तर पाच दिवसांचं रोल-प्लेचं वर्कशॉप लावायचं (मुलंच पेशंट, मुलंच काउन्सेलर) की सरळ पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवायचं. मी दोन्ही करून बघितलंय. मुलं पेशंटला पीएचक्यू-9 विचारतात, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते बघायची नऊ प्रश्नांची यादी, स्कोअर 0 ते 27, जास्त स्कोअर म्हणजे जास्त त्रास.

वर्कशॉपचा मोठा फायदा म्हणजे चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, तो तोंडातून काढायलाच मुलं घाबरतात, अर्धी जण "तसलं काही मनात येत नाही ना?" असं विचारून मोकळी होतात, म्हणजे उत्तर आपणच देऊन टाकलं. हे वर्गातच दहादा घोटून घेतलेलं बरं.

पण रोल-प्लेमधला पेशंट फार गुणी असतो हो. बरोब्बर दहाव्या मिनिटाला त्याला हलकं वाटायला लागतं, कारण बाहेर चहा आलेला असतो. आणि शेवट ठरलेला, "मी तुम्हाला जिल्हा रुग्णालयात पाठवते", टाळ्या, पुढची जोडी. माझं घोडं इथेच अडलं.

आमच्या एका मुलीने पीएचसीत एका बाईंना अशीच जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती, पीएचक्यू-9 चा स्कोअर 15, झोप नाही, जेवण नाही, चिठ्ठी एकदम सुवाच्य. महिन्याने बाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या तर चिठ्ठी बटव्यात तशीच, चार घड्या घालून. कारण काय, तर मानसोपचारतज्ज्ञ बसतात मंगळवारी आणि मंगळवारीच गावचा बाजार, बाई भाजी घेऊन बसतात. कुणी विचारलंच नव्हतं! मग पोरीने फोनाफोनी केली, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याची टीम गुरुवारी येते हे कळलं, आशाताईंना सोबत जायला तयार केलं, आणि नंतर बाई खरंच पोचल्या का तेही बघितलं. केअर कोऑर्डिनेशन म्हणतात ते हेच, आणि ते रोल-प्लेमध्ये कसं शिकवणार, मला तरी जमलं नाही.

पीएचसीतही ताप कमी नाही. खोली मिळत नाही, वजनकाट्याशेजारी खुर्च्या टाकून मनातलं बोला म्हणायचं आणि लायनीतल्या बायका कान देऊन ऐकणार. काही दिवस एकही पेशंट बोलायला तयार नसतो, मुलं मोबाईल बघत बसतात.

तरी बघा, गोव्यात संगाथ ह्या संस्थेने हॅप (हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम, डिप्रेशनसाठीचं थोडक्यातलं काउन्सेलिंग) केलं त्यातले काउन्सेलर काही मानसशास्त्र शिकलेले नव्हते, पीएचसीत नाहीतर घरी जाऊन 6 ते 8 सेशन, प्रत्येकी 30-40 मिनिटं, आणि सेशनचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून ऐकायचं, एकमेकांचं काम तपासायचं. 2017 ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये निकाल आले, डिप्रेशनमध्ये फरक दिसला. ऐकण्याचा भाग आम्ही उचलला, पेशंटची परवानगी घेऊन शनिवारी एक रेकॉर्डिंग. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये अकरा मिनिटांत पेशंटची वाक्यं चार, बाकी सगळे आमचे चिरंजीव! त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला.

त्यामुळे आता मी दोन दिवस वर्गात नववा प्रश्न आणि सेफ्टी प्लॅन (मरणाचे विचार आले तर काय करायचं, कुणाला सांगायचं ते पेशंटबरोबर आधीच ठरवून ठेवणं) घोटतो आणि उरलेला सगळा वेळ पीएचसी. तुमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी तिथे जाऊन बसणारा सुपरवायझर नसेल तर मात्र वर्कशॉपच घ्या, पोरांना एकटं सोडू नका.