वारुळावरची अळंबी: मोठी की बारकी?

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरकडे दिसणाऱ्या वारुळावरच्या अळंब्यांत दोन सख्ख्या बहिणी आहेत: टर्मिटोमायसिस हेमाय आणि टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. दोघींची बुरशी वाळवीच जोपासते, त्यामुळे शेडमध्ये पिकवायचं जमत नाही. वारूळ सपाट झालं की विषय संपला.

हेमाय तळहाताएवढी, टोपीला मधोमध टोक, दांड्यावर जाड कडं. दांडा जमिनीखाली मुळासारखा लांबत थेट वाळवीच्या बुरशीबागेपर्यंत जातो. अख्खी हवी म्हणून लोक खणतात आणि घरटंच उसवतं. जमिनीलगत कापली तर काय बिघडतं, कळत नाही.

मायक्रोकार्पस जेमतेम दोन सेंटिमीटर, पण उगवते शेकड्यांनी. वाळवीने वर आणून टाकलेल्या बुरशीच्या चुऱ्यावर ती फुटते, म्हणून लांब मूळ नाही आणि खणायचं कारणही नाही. निवडताना माती काढून जीव जातो, ते वेगळं. चवीला मला हेमाय सरस वाटते, पण धोकाही तिलाच जास्त.

येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे तोडायला बंदीच. बाजारातली घेताना टोपीखालच्या पात्या बघा: दोघींच्या पांढऱ्या, नंतर गुलाबीसर. हिरवट दिसल्या तर हात लावू नका, ती विषारी असू शकते.